वारसांचा हक्क आणि वाटणीतील दिरंगाई



सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, जो सर्व मालकांच्या मागे उरणारा एकमेव मालक आहे, आणि दरूद व सलाम अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क पोहोचविण्याची शिकवण आपल्याला दिली.

आपल्याकडे गावोगावी एक चांगली रीत आहे. जनाजा समोर ठेवला जातो, सफा उभ्या राहतात आणि नमाजपूर्वी मय्यतचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो की, मरहूमकडे कुणाचे काही देणे राहिले असेल तर त्याने आम्हाला सांगावे, आम्ही ते फेडू. ही रीत दीनच्या शिकवणीतूनच आलेली आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु एका गोष्टीचा विचार आपण क्वचितच करतो. ही घोषणा बाहेरच्या माणसांसाठी असते. ज्या क्षणी ती होत असते, त्या क्षणापर्यंत घरात बसलेली विधवा, सासरहून धावत आलेली मुलगी आणि काहीही न कळणारे लहान मूल हे सर्व त्या मालमत्तेचे हक्कदार बनून चुकलेले असतात. किराणा दुकानदाराची उधारी चाळीस दिवसांत फिटते. बहिणीचा हिस्सा मात्र चाळीस वर्षे राहून जातो, आणि तो राहिला आहे याची घोषणा करायला कुणी पुढे येत नाही.

आजचे विवेचन याच विषयावर आहे. वारसांचा हक्क साफ नाकारणाऱ्यांविषयी पुष्कळदा बोलले जाते. पण आपल्या घरांमध्ये उघड नकार फारसा नसतो. असते ती दिरंगाई. "देणारच आहोत, कुठे पळून चाललो आहोत?" असे म्हणत म्हणत एक पिढी निघून जाते. म्हणून या दिरंगाईलाच शरीअतच्या प्रकाशात पाहू या.

मालकी कधी बदलते?

पहिली गोष्ट नीट मनात ठसवून घ्यावी. माणसाचा श्वास थांबतो त्याच क्षणी त्याच्या मालमत्तेवरची त्याची मालकी संपते आणि वारसांची मालकी सुरू होते. त्यासाठी कुणाच्या सहीची, थोरल्या भावाच्या मान्यतेची किंवा जमातीच्या बैठकीची गरज नसते. सूरह अन्निसाच्या सातव्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले आहे की, आई-वडील आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचाही वाटा आहे आणि स्त्रियांचाही. ती संपत्ती थोडी असो वा जास्त, हा वाटा ठरवून दिलेला आहे. पुढे अकराव्या आणि बाराव्या आयतीत निम्मा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा असे हिस्से खुद्द अल्लाहने सांगितले.

येथे क्षणभर थांबून विचार करा. नमाज हा दीनचा आधारस्तंभ, पण तिच्या रकअतींची संख्या कुरआनात दिलेली नाही, ती आपल्याला प्रेषित (स.) यांच्या सुन्नतीतून मिळाली. विरासतीचे अपूर्णांक मात्र अल्लाहने थेट आपल्या ग्रंथात उतरविले. माणूस संपत्तीच्या बाबतीत किती कच्चा आहे हे निर्माणकर्त्याला ठाऊक होते. आणि हिस्से सांगून झाल्यावर लगेच तेराव्या व चौदाव्या आयतीत ताकीद दिली की, या अल्लाहच्या सीमा आहेत. त्या पाळणाऱ्यासाठी जन्नत आहे आणि ओलांडणाऱ्यासाठी अपमानकारक शिक्षा.

यावरून आपली नेहमीची भाषाच तपासावी लागते. आपण म्हणतो, "भावाने बहिणीला हिस्सा दिला." वस्तुतः तो हिस्सा भावाचा कधी नव्हताच. तो तिचा होता आणि भावाच्या ताब्यात होता. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात असणे याला अमानत म्हणतात. अमानत परत करणाऱ्याने उपकार केलेले नसतात, आणि ती मागितल्यावर टाळाटाळ करणारा स्वतःला अमीन म्हणवून घेऊ शकत नाही.

सअद बिन रबी (रजि.) यांच्या मुली

हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग अबू दाऊद, तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आला आहे. हजरत सअद बिन रबी (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित (स.) यांच्याकडे आली. तिचे गाऱ्हाणे असे होते की, मुलींच्या चुलत्याने सगळी मालमत्ता घेतली, यांच्यासाठी काहीच ठेवले नाही, आणि संपत्तीविना यांची लग्ने तरी कशी व्हायची? प्रेषित (स.) यांनी सांगितले की याचा निर्णय अल्लाह करील. मग विरासतीची आयत अवतरली. प्रेषित (स.) यांनी त्या चुलत्याला बोलावून आज्ञा केली की, सअदच्या मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्या आणि जे उरेल ते तुमचे.

या प्रसंगात आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला हा की, एका विधवेने आपला व आपल्या मुलींचा हक्क उघडपणे मागितला आणि तिला कुणीही लोभी म्हटले नाही, घर फोडणारी म्हटले नाही. दुसरा हा की, निर्णय होताच चुलत्याला देण्याची आज्ञा झाली. "सवडीने बघा" असे त्याला सांगितले गेले नाही.

वाटणीपूर्वीची कर्तव्ये

शरीअतने मय्यतच्या मालमत्तेबाबत चार कामांचा क्रम ठरवून दिला आहे. आधी कफन-दफनाचा मध्यम खर्च. त्यानंतर कर्जाची फेड. मग वसीयत असेल तर उरलेल्या मालाच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशातून तिची पूर्तता. आणि वारसासाठी वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. यानंतर जे शिल्लक राहील त्याची वारसांमध्ये वाटणी.

या क्रमात दोन गोष्टी आपल्याकडे हमखास सुटतात. एक म्हणजे पत्नीचा महर. पतीने तो हयातीत दिलेला नसेल तर ते त्याच्यावरचे कर्ज आहे आणि वाटणीआधी ते फेडले पाहिजे. जनाज्याजवळ विधवेकडून घाईघाईने "माफ केला" असे वदवून घेणे ही फेड नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे न वाटलेल्या मालातून होणाऱ्या जेवणावळी. वारसांत एखादे नाबालिग मूल असेल तर त्याच्या हिश्श्यातून पाहुण्यांना जेवू घालण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्या मुलाने स्वतः होकार दिला तरी त्याची परवानगी ग्राह्य धरली जात नाही. यतीमाचा माल अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरतात, अशी ताकीद सूरह अन्निसाच्या दहाव्या आयतीत आहे. ती ताकीद केवळ परक्या लुटारूंसाठी नाही. त्या मुलाचे काका आणि थोरले भाऊही तिच्या कक्षेत येतात.

कोणता विलंब योग्य?

प्रत्येक विलंब हा जुलूम असतो असे मात्र नाही. या बाबतीत हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्या मालमत्तेचा वृत्तांत सहीह बुखारीत सविस्तर आला आहे, तो प्रत्येक घरात वाचला जावा.

लोक त्यांच्याकडे ठेव ठेवायला येत. ती हरवेल या भीतीने ते ठेव म्हणून घेत नसत, कर्ज म्हणून घेत, म्हणजे भरपाईची जबाबदारी स्वतःवर राहील. जमलच्या लढाईच्या दिवशी, हिजरी ३६ मध्ये, त्यांनी पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांना आपल्या कर्जाची चिंता बोलून दाखविली आणि सांगितले की, फेडणे अशक्य झाले तर माझ्या स्वामीची मदत माग. हा स्वामी कोण, असे पुत्राने विचारले. उत्तर मिळाले : अल्लाह. त्याच दिवशी ते शहीद झाले. मागे रोकड काहीच नव्हती. होत्या जमिनी आणि घरे. हिशेब केला तेव्हा कर्ज २२ लाख निघाले. पुत्राने गाबा नावाची जमीन विकली आणि कर्ज फेडले. तेव्हा भावंडे म्हणाली, आता आमची विरासत वाटून द्या. अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितले की, चार वर्षे हजच्या मोसमात घोषणा केल्याशिवाय मी वाटणी करणार नाही. त्याप्रमाणे दरवर्षी हजच्या वेळी ते पुकारत राहिले की, जुबैर यांच्याकडे ज्याचे देणे असेल त्याने यावे. चार वर्षे पूर्ण झाली आणि त्यांनी प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या हाती दिला.

हा विलंब चार वर्षांचा होता आणि तरीही तो प्रशंसनीय ठरला. का? कारण त्याला ठोस कारण होते : दूरदूरच्या प्रदेशांतून देणेकरी येण्याची शक्यता होती आणि बापाची मान कर्जातून सोडवायची होती. त्याला मुदत होती : चार मोसम, पाचवा नाही. तो उघड होता : सर्व वारसांना हिशेब ठाऊक होता. आणि विलंब करणाऱ्याचा त्यात कोणताही लाभ नव्हता, अब्दुल्लाह (रजि.) स्वतः वारस होते, त्यांचा स्वतःचा हिस्साही तितकाच थांबला होता.

म्हणून आपल्या घरात वाटणी थांबली असेल तर तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कारण काय आहे? मुदत किती आहे? आणि या उशिराचा फायदा कुणाला होत आहे? मय्यतवर कर्ज आहे, विधवा गरोदर आहे आणि बाळाच्या जन्मापर्यंत हिस्से निश्चित होत नाहीत, एखादा वारस बेपत्ता आहे, बँकेतील ठेवीसाठी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र मिळायचे आहे, ही खरी कारणे आहेत. यातही जेवढा भाग मोकळा आहे तेवढा वाटता येतो आणि अडलेला हिस्सा राखून ठेवता येतो. पण जेथे कारण सांगता येत नाही, मुदत ठरत नाही आणि दुकानाच्या गल्ल्यावर एकच भाऊ बसलेला असतो, तेथे विलंबाला सोय म्हणू नका. ऐपत असूनही देणे टाळत राहणे हा जुलूम आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे आणि ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

आपल्या सबबी

आता आपल्या घरांत ऐकू येणाऱ्या सबबींकडे वळू.

"आई हयात आहे, तिच्या डोळ्यांदेखत वाटणीची भाषा कशी करायची?" ही सबब आदराची वाटते. पण आई स्वतः वारस आहे! मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा अल्लाहने दिला आहे. आईच्या आदराच्या नावाखाली आपण आईचाच हिस्सा दाबून धरतो, आणि जी त्या घराची मालकीण आहे तिला औषधाच्या पैशांसाठी सुनेच्या तोंडाकडे पाहावे लागते. आईला राहत्या घरातून हलवायचे नसेल तर हलवू नका. सर्व बालिग वारसांनी खुशीने ठरवावे की आई आहे तोवर घर तसेच राहील. पण कुणाचा किती हिस्सा आहे हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. घर न विभागणे वेगळे आणि हक्क न ठरवणे वेगळे. पहिली गोष्ट संमतीने चालते. दुसरीला आधार नाही.

"बहिणीच्या लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा हिस्सा." बापाने हयातीत केलेला लग्नखर्च हा बापाचा खर्च होता. मुलाच्या शिक्षणावर, त्याला आखातात पाठविण्यावर केलेला खर्च जसा त्याच्या हिश्श्यातून वजा होत नाही, तसा मुलीचा लग्नखर्चही होत नाही.

"हिस्सा मागितलास तर माहेर तुटेल." बंधूंनो, हे वाक्य उच्चारताना आपण काय करतो याचा विचार करा. अल्लाहने बहिणीला हिस्साही दिला आणि भावाशी नातेही दिले. आपण तिला सांगतो की दोन्हींपैकी एकच निवड. ईदला दिलेली ईदी आणि साडी हे प्रेम आहे, पण त्याची किंमत म्हणून वर्षानुवर्षे जमिनीचे उत्पन्न आपल्याकडे ठेवले जात असेल तर ते प्रेम राहत नाही, तो सौदा होतो. आणि तोही असा सौदा, ज्याला दुसऱ्या पक्षाची मंजुरी नाही.

"तिने तर हक्कसोडपत्रावर सही केली आहे." सरकारी कागद पूर्ण झाला म्हणजे अल्लाहच्या दरबारातील हिशेब पूर्ण झाला असे होत नाही. मुस्लिमाचा माल त्याच्या मनाच्या खुशीशिवाय हलाल होत नाही, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. तलाठी कार्यालयाच्या दारात, चार भावांच्या मध्ये, "फक्त कागदाची गोष्ट आहे" असे सांगून घेतलेल्या सहीत मनाची खुशी किती असते हे सही घेणारालाही ठाऊक असते. कोकणातील आपले शाफई बांधव असोत वा घाटावरील हनफी, दोन्ही मजहबांत हिबा, म्हणजे बक्षीस, पूर्ण होण्यासाठी देणाऱ्याचा खुशीचा प्रस्ताव आणि घेणाऱ्याचा ताबा लागतो. म्हणून बहिणीची खुशी खरोखर जाणायची असेल तर सोपा मार्ग असा : आधी तिचा हिस्सा मोजून तिच्या नावावर आणि तिच्या हाती द्या. काही दिवस जाऊ द्या. त्यानंतर कोणत्याही दडपणाशिवाय तिने स्वतःहून काही परत दिले तर ते घ्या. किंवा रोख रक्कम वा एखादी वस्तू घेऊन हिश्श्याबाबत उभयपक्षी समझोता करा. त्यालाही शरीअतमध्ये मार्ग आहे. पण हाती काहीच न देता "माफ करून घेणे" हा मार्ग नाही.

दिरंगाईचे गणित

दिरंगाईमुळे नेमके काय होते ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यांचे आई-वडील आधीच वारलेले. मालमत्तेचे ४० भाग केले तर पत्नीचे ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. चार वारस, चार ओळींचा हिशेब. एका संध्याकाळी संपणारे काम. पण ते राहिले.

काही वर्षांनी आई वारली. तिचे ५ भाग मुलांकडे गेले : मुलगे प्रत्येकी १६, मुलगी ८. वाटणी राहिलेलीच. मग मुलगी वारली. मागे पती आणि एक मुलगा. तिच्या ८ भागांपैकी पतीचे २ आणि मुलाचे ६ झाले. त्यानंतर थोरला मुलगा वारला. मागे पत्नी, तीन मुलगे आणि एक मुलगी. त्याच्या १६ भागांपैकी पत्नीचे २, प्रत्येक मुलाचे ४ आणि मुलीचे २. आता त्या एका घराचे आठ मालक झाले : धाकटा भाऊ, मेहुणा, भाचा, वहिनी, तीन पुतणे आणि एक पुतणी. सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांचेच नाव आहे. जी बहीण हयातभर आपल्या ७ भागांची वाट पाहत राहिली, तिला ते मिळाले नाहीत. आणि ज्याला द्यायचे होते तो थोरला भाऊही निघून गेला. देण्याची जबाबदारी मात्र कबरीत सोबत घेऊन गेला.

आता याच घराला दोन गाळे आहेत आणि त्यांचे भाडे महिना १० हजार रुपये येते असे धरा. वर्षाचे १ लाख २० हजार. यात मुलीच्या ७ भागांचे २१ हजार आणि आईच्या ५ भागांचे १५ हजार होतात. हे पैसे एकच भाऊ वसूल करून घरखर्चात घालत असेल तर दहा वर्षांत बहिणीचे २ लाख १० हजार आणि आईचे दीड लाख रुपये त्याच्या पोटात गेले. हापूसच्या कलमांचे, शेतातील कापसाचे, घरातील भाडेकरूचे गणित याहून वेगळे नाही. त्या पैशातून त्याने उमरा केला असेल, मशिदीला पंखे दिले असतील. मुस्लिम संग्रहातील ती प्रसिद्ध हदीस आठवा, ज्यात खरा दिवाळखोर कोण हे सांगितले आहे : जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, मग त्याची पुण्ये हक्कदारांना वाटली जातील आणि ती संपली की त्यांची पापे याच्यावर टाकली जातील. जी वाटणी आपण येथे केली नाही ती तेथे होईल, आणि तेथे वाटायला जमीन नसेल.

ज्यांच्या ताब्यात मालमत्ता आहे त्यांना

ज्या बंधूंच्या ताब्यात सामाईक मालमत्ता आहे त्यांनी आजपासून पुढील गोष्टी कराव्यात.

घर, जमीन, दुकान, सोने, ठेवी, येणे आणि देणे यांची लेखी यादी करून ती सर्व वारसांना दाखवा. खात्यावर तुमचे नाव नॉमिनी म्हणून असेल तर शरीअतच्या दृष्टीने तुम्ही पैसा उचलून हक्कदारांना पोहोचविणारे आहात, एकटे मालक नाही. जाणकार आलिम किंवा मुफ्ती यांच्याकडून हिस्से लेखी काढून घ्या. अंदाजाने वाटू नका, कारण एखादा वारस वाढला वा घटला तरी सगळे अपूर्णांक बदलतात. जमिनीवर सर्व वारसांची नोंद करा, बहिणींसह. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तो नियम पाळला तर पुढचे निम्मे तंटे उभेच राहणार नाहीत. एखादा भाऊ कुवेतला वा दुबईला असेल तर तो येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. त्याने कुलमुखत्यारपत्र पाठवावे.

बहिणीचा हिस्सा विकत घ्यायचा असेल तर आजच्या किमतीने घ्या. ती वस्तूतच भागीदार आहे, त्यामुळे वस्तूची किंमत वाढली तशी तिच्या हिश्श्याचीही वाढली. वीस वर्षांपूर्वीचा भाव सांगणे हा वीस वर्षांच्या विलंबावर वरून मागितलेला इनाम आहे. मात्र इन्साफ दोन्ही बाजूंनी हवा. एखाद्या भावाने स्वतःच्या कमाईतून मजला चढविला असेल, घरपट्टी भरली असेल, आईचा इलाज केला असेल, तर तो हिशेबही मांडला जावा आणि मुफ्तींच्या सल्ल्याने ठरावा. एकदम देणे शक्य नसेल तर हप्ते बांधा, तारखा लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे.

जे हिश्श्याची वाट पाहत आहेत त्यांना

आता ज्या बहिणी, विधवा आणि धाकटे भाऊ वर्षानुवर्षे वाट पाहत आहेत त्यांच्याशी दोन शब्द.

सब्र म्हणजे मौन नव्हे. हक्क मागणे म्हणजे नाते तोडणे नव्हे. सअद (रजि.) यांच्या पत्नीने मागितला, तुम्हीही मागा. आधी एकांतात, नरमाईने आणि स्पष्ट शब्दांत बोला. "बघा काहीतरी" असे मोघम बोलू नका. उत्तर मिळाले नाही तर घरातील वडीलधाऱ्यांना मध्ये घ्या, नंतर जमातीतील जबाबदार मंडळींना, त्यानंतर मुफ्ती वा दारुल कजा यांना. तेथेही अडले तर न्यायालयात जाणे हा तुमचा अधिकार आहे. त्यात पाप नाही. आणि किती वर्षे उलटली याची लाज बाळगू नका. काळ लोटल्याने अल्लाहने दिलेला हक्क शिळा होत नाही. फक्त सरकारी कागद आणि न्यायालय यांच्या मुदती असतात, म्हणून विनाकारण थांबू नका.

पण या मार्गावर तुमच्यावरही बंधने आहेत. भावाच्या मुलांसमोर त्याची बदनामी करू नका. जेवढा हक्क आहे त्याहून एक वीतही जास्त मागू नका. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा तौक पडेल ही हदीस भावाला लागू आहे तशी बहिणीलाही आहे. आणि मनापासून, कोणत्याही भीतीविना, काही सोडून द्यावेसे वाटले तर जरूर सोडा. ते सोडणे तेव्हाच मोठे आहे जेव्हा ते घेणे तुमच्या हातात होते.

दोघे भांडत आले, दोघे रडत गेले

शेवटी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग, जो अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. दोन माणसे वारशाचा वाद घेऊन प्रेषित (स.) यांच्याकडे आली. दोघांजवळ पुरावा नव्हता, केवळ दावा होता. प्रेषित (स.) यांनी सांगितले की, मी माणूस आहे, तुमच्यापैकी एखादा आपली बाजू अधिक चतुराईने मांडील आणि मी ऐकल्याप्रमाणे निर्णय देईन, पण त्यामुळे ज्याला भावाच्या हक्कातील काही मिळाले त्याने ते घेऊ नये, कारण मी त्याला आगीचा तुकडा तोडून देत असेन. हे ऐकून दोघेही रडू लागले. प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणू लागला की माझा हक्क तू घे. यावर प्रेषित (स.) यांनी त्यांना नुसते गळाभेट घेऊन जाऊ दिले नाही. त्यांनी फर्माविले की, आता वाटणी करा, न्यायाने करा, चिठ्ठी टाका आणि मग एकमेकांना माफ करा.

या क्रमाकडे लक्ष द्या. अश्रू आले, मने मऊ झाली, तरीही वाटणीची आज्ञा राहिलीच. आणि माफी वाटणीनंतर आली. आपण नेमके उलट करतो. आधी माफ करून घेतो आणि वाटणी कायमची पुढे ढकलतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा अंक हाती असताना आपल्या घरात कुणाचा हिस्सा आपल्याकडे राहिला आहे हे आठवून पाहा. आत्याचा असेल, बहिणीचा असेल, वारलेल्या भावाच्या मुलांचा असेल. ती व्यक्ती हयात असेल तर तिला फोन करा. ती गेली असेल तर तिच्या वारसांना शोधा. दिनार आणि दिरहम ज्या दिवशी चालणार नाहीत त्या दिवसापूर्वीच हिशेब मिटवून घ्या, ही प्रेषित (स.) यांची सूचना आहे, आणि तो दिवस आपल्यासाठी किती दूर आहे हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही.

हे अल्लाह! आमच्या ताब्यातील दुसऱ्यांचे हक्क आम्हाला ओळखू दे आणि ते हक्कदारांपर्यंत पोहोचविण्याची हिंमत दे. आमच्या मरहूमांच्या माना कर्जातून मोकळ्या कर. यतीमांचा आणि विधवांचा माल आमच्या घरांत राहू देऊ नकोस. जे वाट पाहून थकले आहेत त्यांना त्यांचा हक्क इज्जतीने मिळवून दे, आणि भावा-बहिणींच्या मनांत न्यायाबरोबर प्रेमही कायम ठेव. आमीन, या रब्बल आलमीन!